कोणाकडून घेतलंस?

पितळी टाळांना चिंच चोळताना तो आंबूस वास सुटला, की कुंभकोणमच्या कॉलेजातली माझी मैत्रीण आठवते आणि अजून पोटात दुखतं. युरोपातल्या प्रबोधनकाळातल्या चित्रांवर आम्ही दोघी आपापला प्रकल्प करत होतो. मी इंटरनेटवर मिळेल ते उतरवलं. ती मात्र एकेका विधानाचा माग काढत वेबसाइटवरून पुस्तकाकडे आणि तिथून संग्रहालयाच्या मूळ नोंदीपर्यंत गेली. बाईंनी तिची संदर्भसूची वर्गात वाचून दाखवली, माझ्या प्रकल्पावर नुसतं ‘हे कुठून आणलं?’ लिहिलं. त्या शनिवारी ती आमच्या घरी नेहमीसारखी भजनाला आली. आमच्याकडे कुणी नवं पद म्हटलं, की माझे वडील, अप्पा, टाळ थांबवून विचारत, “कोणाकडून घेतलंस?” शिकवणाऱ्याचं नाव सांगितल्याशिवाय भजन पुढे सरकत नसे, हे ऐकतच मी वाढले होते. तिचं कौतुक कळल्यावर अप्पांनी तिलाही हसत विचारलं, “ही शोधायची रीत कोणाकडून घेतलीस?” तिकडच्या रीतीप्रमाणे ती मैत्रिणीच्या वडिलांना मामाच म्हणायची. ती म्हणाली, “तुमच्याकडूनच की, मामा. इथंच बसून.” अप्पांचा चेहरा असा फुलला, की मी टाळ घासायच्या निमित्तानं आत निघून गेले. मार्क तिनं खुशाल न्यावेत, असं आज मी म्हणू शकते. ते उत्तर मात्र माझं होतं.