नापास काच

आबांकडे विलायती कॅमेरा होता आणि उभ्या आयुष्यात त्यांनी एकाही माणसाचा फोटो काढला नाही. एरंडोलसारख्या गावात हे म्हणजे घरात विहीर असून शेजाऱ्याला तांब्याभर पाणी न देण्यासारखं होतं. लग्न ठरलं, मुंज झाली की लोक कोट चढवून, टोपी सरळ करून त्यांच्या ओट्यावर येऊन बसत. आबा चहा पाजत आणि सांगत, "माणसाला कळतं आपला फोटो निघतोय, मग तो दुसराच कुणी होतो. झाडाला कळत नाही. ते बिचारं आहे तसं उभं राहतं."

आबा सरकारी रस्त्यांवर ओव्हरसियर होते. आधी शिरपूरकडे, मग आमच्याकडे. विलायतेला परत जाणारा कुणी साहेब तो कॅमेरा त्यांच्या गळ्यात टाकून गेला होता. एकदा एक मामलेदार हट्टालाच पेटले. वडाच्या खोडावर हात ठेवून, छाती काढून उभे राहिले. आबा काळ्या कापडाखाली बराच वेळ राहिले आणि बाहेर येऊन म्हणाले, झालं. आठ दिवसांनी फोटो पोचला. वडाची एकेक पारंबी मोजून घ्यावी अशी आलेली, मामलेदार मात्र कुठंच नाहीत. आबांनी नम्रपणे कळवलं की साहेब गेल्यावर उजेड जास्त चांगला आला.

मी तेव्हा तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेऱ्याची तिपाई खांद्यावर घेऊन आबांच्या मागे हिंडायचो. पहिल्याच फेरीत आबांनी अंजनी नदीच्या काठावर तासभर दबा धरून एका बगळ्याचा फोटो घेतला. ते हातपाय धुवायला गेले, आणि बगळा कसा आलाय ते बघावं म्हणून मी ज्या काचेवर फोटो उमटतो तिची पेटी उघडली. भर उन्हात. घरी काच औषधात धुतली तर ती तव्यासारखी काळी. आबा रागावले नाहीत. म्हणाले, "मास्तर, बगळा गेला. पण सूर्याचा फोटो छान आलाय. जरा जवळून आलाय, एवढंच."

नाताळच्या सुट्टीत आबांकडे निकाल लागे. वर्षभराच्या वीसेक काचा एकेक करून खिडकीच्या उजेडात धरायच्या आणि त्यातल्या आवडत्या बारा पास करायच्या. पास झालेल्यांचेच कागदावर फोटो निघत. बाकीच्या काचा सोड्याच्या गरम पाण्यात घासून कोऱ्या करायच्या. नियम कडक होते. फांदी हलली, नापास. नदी कलली, नापास. कुठल्याही कोपऱ्यात माणूस आलं तर न बघता नापास. सहपरीक्षक मी, मुलं नापास करण्याचाच मला पगार मिळत असल्यामुळे माझ्या लायकीबद्दल कुणाला शंका नव्हती.

धुतलेल्या काचा मी घरी नेत असे, कारण मला काचेची खिडकी हवी होती. भाड्याच्या खोलीला एकच खिडकी. तिला मी नऊ घरांची चौकट बसवून घेतली होती आणि आपल्याकडे लवकरच काचेची खिडकी होणार असं साऱ्या शाळेत सांगून ठेवलं होतं. दोन वर्षांत आठ घरं भरली. जास्त भरली असती, पण निम्म्या काचा माझ्याच हातून फुटल्या. नवव्या घरावर मी अंकगणिताची प्रश्नपत्रिका चिकटवली होती आणि येणारा जाणारा मला तिचं उत्तर विचारत असे.

आबांच्या पत्नीला मी अक्का म्हणत असे. माहेर धुळ्याकडचं, बोलणं अस्सल अहिराणी. तुमचा एकही फोटो कसा नाही, असं बायका विचारत तेव्हा त्या म्हणत, "माले कशाले? मी काय झाड शे?"

त्या वर्षीच्या निकालाला सतरावी की अठरावी काच पद्मालयाच्या तळ्याची निघाली. सकाळ, कमळं, पाण्यावर धुक्याची एक पट्टी. आणि उजव्या काठाला अक्का. गणपतीच्या दर्शनाला सोबत आल्या होत्या. तांब्या भरून उठताना कॅमेऱ्याकडे वळल्या असाव्यात. फोटोच्या काचेवर सगळं उलटं असतं, उजेड काळा आणि सावली पांढरी. त्यामुळे अक्कांचे काळेभोर केस तिथं कापसासारखे पांढरे दिसत होते. आबांनी ती काच खिडकीत धरली आणि खाली ठेवलीच नाही.

"म्हातारपणी ही अशी दिसेल," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "हललीसुद्धा नाही बघा."

त्यांचा हात पास झालेल्या काचांकडे वळला. इतरांपेक्षा ती चांगली होती. त्या वर्षातली सगळ्यात चांगली होती. हे मला तेव्हाही दिसत होतं. पण त्याहून स्पष्ट मला दिसत होतं ते माझ्या खिडकीचं नववं घर. त्या वर्षी आधी नापास झालेल्या काचा ढिगावर ठेवतानाच माझ्या हातून तडकल्या होत्या. मी घसा साफ करून म्हणालो, "आबा, माणूस आलंय. नियम तुमचाच आहे."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. चहा घेऊन आलेल्या अक्का दारातच हसल्या. "करा, नापास करा माले."

आबांनी काच नापास ढिगावर ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांचं मन फिरेल अशी मला धास्ती होती, म्हणून मी ती त्याच संध्याकाळी धुतली.

पुढच्या भाद्रपदात अक्का चार दिवसांच्या तापानं गेल्या. तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी शाळेला निघायच्या बेतात असताना, आबा माझ्याकडे आले. खाटेवर टेकले. पाणी दिलं, ते तसंच हातात धरून बसले.

"मास्तर, ती पद्मालयाची काच. धुवायची राहिली असेल तर बघा. तिचा तेवढाच एक आहे."

एरवी माझ्याकडे थापांचा तुटवडा नसतो. त्या दिवशी माझे डोळे आपोआप खिडकीकडे गेले. आबा उठले. प्रश्नपत्रिका जिथं असायची त्या घरावर त्यांनी बोट ठेवलं. काचेपलीकडे शेजाऱ्यांची शेळी पाला खात होती. तिचं खाणं संपेपर्यंत ते बघत राहिले.

"स्वच्छ निघालीय," ते म्हणाले आणि गेले.

काच पक्की बसावी म्हणून चौकटीला थापलेल्या लांबीत माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला होता, तो मी पाहिला. मग शाळेत गेलो आणि तिसरीला अपूर्णांक शिकवले.

आबा नंतरही फोटोला निघत. तिपाई मीच नेत असे. झाड बघून ते कॅमेरा लावत, काळ्या कापडाखाली जात, बऱ्याच वेळानं बाहेर येऊन म्हणत, चला. काच ते घालतच नसत. नाताळ आला, निकाल लागला नाही. आम्ही चहा प्यालो.

दोन वर्षांनी त्यांची धुळ्याला बदली झाली. निघायच्या सकाळी मी ती काच चौकटीतून काढली. काढताना शेजारच्या दोन फोडल्या. धोतराच्या फडक्यात गुंडाळून गाडीपाशी नेली. आबांनी फडकं उलगडलं, काच उजेडात धरली आणि परत माझ्या हातात दिली.

"तुमच्याकडेच राहू द्या. तिला म्हातारी झालेली आपण दोघांनीच पाहिलंय, मास्तर. माझ्यामागे एकाला तरी आठवायला हवं."

आबा धुळ्यालाच वारले. मला पोस्टकार्डानं कळलं. मी आता जळगावला असतो. नातवंडांची वर्दळ असलेल्या घरात, माझ्या हातांपासून इतकी वर्षं ती काच कशी वाचली, देव जाणे. नाताळात एकदा फडक्यातून काढतो आणि खिडकीपाशी धरतो. तळं नाही, कमळं नाहीत. जरा तिरकी केली तर पांढरे केस दिसतात. ते माझे असतात.