रबरी मुखवट्याविषयीची माझी तक्रार

प्रथम तिथी नोंदवतो. आषाढ शुद्ध दशमी : मुखवटा खरेदी. श्रावण शुद्ध तृतीया : मुखवट्यातील दोष प्रथम निदर्शनास आला. श्रावण वद्य पंचमी : माझे सहावे पत्र रवाना. जबाबदार इसम : एक, मुंबईचा दुकानदार, दोन, मुखवटा बनवणारी कंपनी, तीन, माझा धाकटा भाऊ दिगू. चौथे नाव यथावकाश जाहीर करीन.

वर्ष सत्तरच्या दशकाच्या अखेरचे. जूचंद्र गावी आमच्या घरामागे दिगूचा गणपतीचा कारखाना होता. साच्यातून निघालेली प्लास्टरची मूर्ती पॉलिश पेपरने घासली, की पांढरी धूळ उडे आणि दिगू खोकू लागे. आमचे वडील याच कामात खोकत खोकत गेले होते. डॉक्टरांनी दिगूला निर्वाणीचे बजावले, "धूळ थांबव, नाहीतर कारखाना."

मी कोर्टात कारकून, घरात थोरला आणि इंग्रजी वाचणारा एकमेव. साहजिकच हे प्रकरण माझ्याकडे आले. नाकाला ओला पंचा बांधून पाहिला. त्याचे पाणी गणपतीच्या सोंडेवर गळे. दवाखान्यातले फडके आणले. ते प्रत्येक खोकल्याबरोबर हनुवटीवर उतरे. अखेर मी मुंबईहून रबरी मुखवटा आणला : दोन्ही बाजूंना कापसाच्या चकत्या, मागे पट्टे आणि सोबत एक इंग्रजी कागद. (तो मी तत्काळ फाइलमध्ये लावला. पुरावा क्रमांक एक!)

"दादूस," दिगू तो तोंडाला लावून म्हणाला, "यो घालून मूर्ती घासू का चोरी कराला जाऊ?"

परंतु मुखवटा चालला! संध्याकाळी दिगूने नाक शिंकरले, तर रुमाल स्वच्छ. आईने मुखवट्याला हळदकुंकू वाहिले.

श्रावण लागला आणि घात झाला. रुमाल पांढरा होऊ लागला, खोकला परतला. मी पट्टे आवळले, चकत्या बदलल्या. दिगूच्या कानांवर वळ उठले, तरी धूळ आत! मग मात्र मी लेखणी उचलली. 'सदोष माल गळ्यात मारून माझ्या भावाच्या फुप्फुसांशी खेळ मांडल्याबद्दल आपणांवर कायदेशीर कारवाई का करू नये?' अशी सहा पत्रे गेली.

सहाव्या पत्राला उत्तर म्हणून दुकानदाराने एक सडपातळ तरुण विक्रेताच धाडला. नायगाव स्टेशनपासून चिखल तुडवत आलेला तो गृहस्थ दारातच थबकला. त्याने दिगूकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"साहेब, तुम्ही दोघं संन्यास घेतलाय का?"

"श्रावण आहे!" मी गरजलो. "श्रावणात आमच्या घरात दाढी करीत नाहीत. नियम म्हणजे नियम!"

"मग धूळ दाढीतून आत जाणारच ना! रबर कातडीला चिकटलं पाहिजे. कागदात पहिल्याच ओळीत लिहिलंय."

मी फाइल उघडली. पहिल्याच ओळीत लिहिले होते. ठळक अक्षरांत!

दिगू मात्र हटून बसला. "दाढी नाय काढनार. बाबांनी कवा मोडला नाय नेम."

"बाबांनी काय केला ता मी बघला," आई म्हणाली. "त्याचा खोकला ऐकत म्हातारी झाले, आता तुझा ऐकू? देव घडवनाराच खोकून मेला, त देवाला चालंल?"

दिगूने दाढी खाजवली. मग म्हणाला, "दादूस आधी बसंल, त मी बसतंय."

सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. थोरल्याचा मान असा ऐन वेळी आठवतो! न्हावी आला. माझी दाढी उतरली आणि मी उठू लागलो, तोच दिगूने खांदा दाबला.

"मिशी पन केसंच ना रं, दादूस?"

"मला कुठे मुखवटा घालायचा आहे?"

"साहेब," विक्रेता हात जोडून म्हणाला, "नियम म्हणजे नियम."

पंचवीस वर्षे पीळ देऊन जोपासलेली मिशी दोन फटक्यांत गेली, आणि मगच दिगू न्हाव्यासमोर बसला. दुसऱ्या दिवशी कोर्टात शिपायाने मला न ओळखता पक्षकारांच्या बाकावर बसवले! पण त्या संध्याकाळी दिगू कारखान्यातून धावत आला आणि त्याने रुमाल माझ्या नाकासमोर धरला. स्वच्छ! त्या वर्षी एकही मूर्ती मागे राहिली नाही आणि गणपतीच्या आरतीत सर्वांत वरचा सूर दिगूचा होता. न खोकता. आई आरती सोडून त्याच्याकडेच पाहत होती.

आज कारखान्याच्या जागी इमारत आहे. दिगू चौथ्या मजल्यावर राहतो आणि जिना न थांबता चढतो. मी दोनदा थांबतो. मुखवटा माझ्या कपाटात आहे. हुंगला, की रबरात अजून प्लास्टरचा वास येतो.

राहता राहिले चौथे नाव. घरात इंग्रजी वाचणारा एकमेव असूनही ज्याने सहा पत्रे लिहिली आणि हातातला एक कागद वाचला नाही, त्या थोरल्या भावाने याबद्दल जाहीर खुलासा करावा, अशी माझी मागणी आहे. तसे पत्र मी त्यास लिहिले आहे. तो ते वाचेल, याची मात्र खात्री देता येत नाही!