बोरीचा उंच पट्टा

उन्हात तापलेल्या नव्या काळ्या नळ्यांचा वास आला की मला बोरीतलं ते दुकान आठवतं. परभणीत ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी तेव्हा विक्रीच्या आकड्यांवरून आलेख काढायचो. कोणत्या गावाचं गिऱ्हाईक किती, या आलेखात बोरीचा पट्टा इतका उंच निघाला की मालकांनी तिथं थेट दुसरं दुकानच घेतलं. उद्घाटनाच्या सकाळी दारापुढं नळ्यांची वेटोळी रचली होती आणि मंडपात माझाच आलेख फ्रेम करून, हार घालून टांगला होता. चहा घेता घेता मी आमच्या बिलं करणाऱ्या काकांना सहज म्हणालो, "तुमच्या गावानं लय माल उचलला." काका हसले. "कशाचं हो? गाव टाकल्याबिगर बिलच निघत न्हाई. गर्दीत कोणाकोणाला इचारीत बसायचं? आपलं गाव बोरी, म्हणून समद्यांना बोरीच टाकत गेलो." मी कप तसाच खाली ठेवला. मालकांना बाजूला घ्यावं म्हणून वळलो, तर तेच कात्री घेऊन माझ्यापुढं उभे. "सर, हे दुकान तुमच्या आलेखानं उघडायलंय. फीत तुमीच कापा." शेजारी त्यांची म्हातारी आई हात जोडून उभी होती. मी फीत कापली. टाळ्या थांबल्या तरी कात्री माझ्या हातातच होती. आजही एखादा पट्टा फार उंच दिसला की मी आधी विचारतो, इथं बिलं कोण करतं आणि त्यांचं गाव कोणतं.