हरसूलच्या चुली आणि आईची भाकरी

"नुसतं होय-नाही भरून आण," साहेब म्हणाले आणि छापील तक्ते माझ्या हातात दिले. मागच्या उन्हाळ्यात हरसूलजवळच्या एका पाड्यावर आम्ही बिनधुराच्या चुली घातल्या होत्या. सरकारी योजना पूर्ण झाली, आता चुली वापरात आहेत का ते पाहायचं होतं. माझा अहवाल आला की त्याच मापाचा, चुली पाडायचा लोखंडी साचा पुढच्या गावांना जाणार होता.

माप माझंच. घरात बी.ए. झालेली मी पहिली. धुराने आईचे डोळे कायम लाल असायचे, म्हणून पहिली चूल मी तिच्यासाठीच घातली होती. "झकास झाली," ती म्हणाली होती. निघताना तिने फडक्यात दोन भाकरी आणि ठेचा बांधून दिला.

जायचं असेल तर माझ्यासारखं डिसेंबरात जा. नाशिकच्या स्टँडवरून एस.टी. मिळते, तिकीट पाच-सहा रुपये. त्र्यंबक मागे पडलं की गाडी इतकी हळू चढते, की आमच्या कंडक्टरने खाली उतरून ओळखीच्या म्हाताऱ्याची चौकशी केली आणि तो चालत्या गाडीत परत चढला. हरसूलला आठ आण्यांचा चहा घ्या, पुढे तासभर पायी. खळ्यांवर नागलीचे, म्हणजे नाचणीचे, ढीग लागले होते.

पहिलं घर यमुनाबाईंचं. माझी चूल शेणाने सारवलेली, देखणी आणि थंडगार. शेजारी तीन दगडांवर तवा, घरभर धूर.

"ही वापरत नाही?"

"वापरती ना. वर रॉकेलची चिमणी ठेवती."

दारात जमलेल्या बायकांतली एक शेजारीण म्हणाली, "लय गुणाची हाय चूल. सरकारी पाहुण्यावानी. जागा अडवती, काम करत नाय."

सगळ्या हसल्या. मीही हसले आणि पुढच्या घरी गेले. पाड्यावर घरोघर तेच दिसत होतं.

संध्याकाळी यमुनाबाईंजवळ बसले. त्यांनी नागलीची भाकरी तव्यावर उलटली, मग खाली घेऊन निखाऱ्यांपुढे उभी केली. ती टम्म फुगली.

"आता सांगा ताई, तुमच्या चुलीत ही कुठं उभी करू?"

आच वाया जाऊ नये म्हणून चुलीचं तोंड मी जेमतेम वीतभर ठेवलं होतं.

"मला वाटलं, तुमच्याकडं भाकर खात नसतील," त्या म्हणाल्या.

"खातो," मी म्हटलं. "मोडून टाकू का?"

"मोडायची कशाला? धूर जातो ते लय बरं हाय. तोंड तेवढं मोठं करा."

मग दोघींनी विळ्याने चुलीचं तोंड कोरलं, कडा ओल्या मातीने लिंपल्या. सकाळी जाळ केला. थोडा धूर पुढून आला, बाकीचा वर गेला. भाकरी उभी राहिली. डोळे पुसत यमुनाबाई म्हणाल्या, "एवढा चालंल."

तक्त्यात 'नाही' लिहिलं. खाली मोकळ्या जागेत नवं माप लिहिलं आणि हेही, की साचा पाठवण्याआधी त्या त्या गावच्या बायकांसमोर भाकरी भाजून पाहावी. साहेब रागावतील, हे ठाऊक होतं.

परतीच्या गाडीत भूक लागली, म्हणून आईने दिलेल्यातली उरलेली भाकरी काढली. वाळली होती. तिच्या कडेला निखाऱ्याचा काळा डाग आणि चिमूटभर राख.

मी ती हातात धरून बसले. आमच्या घरच्या चुलीचं तोंडही वीतभरच होतं.

घरी पोचल्यावर पुढच्या दाराने गेलेच नाही. परसात, मोरीच्या भिंतीआड तीन विटा मांडलेल्या होत्या. आई तिथे फुंकर मारत बसली होती, डोळे लालभडक. मला पाहून गडबडीने उठली.

"अगं, पाणी तापवत होते."

तव्यावर भाकरी होती.

"सांगितलं का नाहीस?"

"एवढ्या हौसेनं घातलीस," ती पदराने डोळे पुसत म्हणाली. "कसं सांगू?"

मी विळा मागितला.

"आधी जेव," आई म्हणाली, आणि भाकरी निखाऱ्यांपुढे उभी केली.