बायको आधी बाहेर जाईल म्हणून थांबलो

मंडळी, या पोकरच्या ग्रुपवर येता-जाता ज्ञान कोण देतं? मीच ना? चिप्स कमी उरल्या की घाबरत बसू नका, बरे पत्ते आले की ऑल-इन जा, असतील-नसतील त्या सगळ्या चिप्स लावा, म्हणून? आज मीच शेपूट घातलं.

बाळकुमला आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये दुपारी पोकर टुर्नामेंट होती. पैसे नाहीत, नुसती ट्रॉफी. अजून एक जण बाहेर गेला की बाकीचे फायनलला. सगळ्यात कमी चिप्स दोघांकडे, मी आणि समोर बसलेली माझी बायको मानसी. तिला हा खेळ मीच शिकवलेला.

मला एक्का-राजा आला. ऑल-इन जायचीच वेळ होती. पण तिच्याकडे माझ्याहून कमी चिप्स होत्या. म्हटलं, ती आधी जाईल, मी आयता फायनलला. पत्ते टाकून दिले. पुढचे चांगले पत्तेही तसेच टाकले. दर फेरीला सक्तीच्या चिप्स भरून माझा ढीग मात्र संपत आला.

तेवढ्यात मानसी साध्या सत्त्यांच्या जोडीवर ऑल-इन गेली आणि जिंकली. पुढच्याच डावात मी उरलंसुरलं नाइलाजाने पुढे ढकललं. एवढ्याशा चिप्सना कोण घाबरतंय? तिनेच कॉल केला, माझ्याएवढ्याच चिप्स लावल्या, आणि डाव जिंकून मला बाहेर काढलं.

मी उठताना ती हळूच म्हणाली, "मी जायची वाट बघत होतास ना रे?"

"छे, काहीतरीच काय!" म्हणून मी सटकलो.

ती आत फायनल खेळतेय, मी पार्किंगमध्ये बसून हे टाइप करतोय. ती आल्यावर काय बोलू, सांगा. खोटं तर चालणारच नाही. समोरचा खोटं कधी बोलतो ते ओळखायलाही तिला मीच शिकवलंय.