मुराळी आला आणि नोटीस राहिली

पैठणच्या रजिस्ट्री कार्यालयात आमचा टोकन नंबर पुकारला, तेव्हा माझ्या पक्षकार लताताई आल्या नव्हत्या. बाकी सगळं होतं. नोटिशीच्या प्रती, दाव्याची नक्कल, सातबारा, स्टॅम्प, ओळख पटवणारे दोन साक्षीदार. घरून निघतानाच मी यादीवर खुणा केल्या होत्या. फक्त मशीनवर जिचा अंगठा आणि फोटो घ्यायचा, तीच बाई नव्हती.

फोन लावला.

"मॅडम, आज नाय जमायचं. दादा आलाय. मुराळी म्हणून. पोराला नाय धाडलं, सोता आलाय."

मुराळी म्हणजे सासरी गेलेल्या लेकीला कार्यासाठी माहेरी न्यायला येणारा माणूस. हा दादा, विष्णू, आमच्या दाव्यातला प्रतिवादी होता.

पाचोडला त्यांच्या वडिलांची जमीन होती. थोडी रस्त्यालगत, बाकीची मागे खडकाळ. वडील गेल्यावर विष्णूने वारस म्हणून एकट्याचंच नाव लावून घेतलं. लताताई विधवा. दिराने दिवाळीपर्यंत खोली सोडायला सांगितलेलं. रस्त्यालगत दोन खोल्या बांधण्याइतका तुकडा मिळाला तरी त्यांना पुरे होतं. म्हणून वाटपाचा दावा. विक्रीला मनाई मागणारा अर्जही केला होता, पण त्याला पुढची तारीख पडली.

दावा दाखल झाला म्हणून जमिनीची विक्री आपोआप थांबत नाही. सातबाऱ्यावर एकटा विष्णू. घेणाऱ्याला दाव्याचा पत्ता लागणार कुठून? त्यासाठी लिस पेंडन्सची नोटीस नोंदवतात. या जमिनीवर दावा चालू आहे, एवढंच ती सांगते. पण घेणाऱ्याचा वकील जी नोंद तपासतो, तिथेच ती येते. मग 'मला माहीत नव्हतं' म्हणायला जागा उरत नाही.

"ताई, अर्ध्या तासाचं काम आहे. या, अंगठा द्या आणि मग जा पाचोडला."

"आठ वर्षांनी माहेरचं मानूस दारात आलंय मॅडम. त्याला चहा पाजून त्याच्यावरच नोटीस लावायला येऊ व्हय?"

"तो विकेल."

"लग्नाच्या घरात कोण जमीन इकतंय? त्याच्या पोराची हळद हाय. सोमवारी मीच येते."

मागून विष्णूचा आवाज आला. "लते, वकीलबाईलाबी पत्रिका द्यायची म्हनावं!"

मी टोकन रद्द केलं.

सोमवारी त्या खरंच आल्या. अंगावर नवी साडी, बोटं अजून पिवळी. दस्त पुढे सरकवण्याआधी मी गटाच्या नोंदी पुन्हा एकदा पाहिल्या. रस्त्यालगतच्या तुकड्याचं खरेदीखत झालं होतं. हळदीच्या दिवशी.

मी त्यांना बाहेर आणून सांगितलं.

"त्या दिवशी दादा दुपारचा नव्हता," त्या म्हणाल्या. "मंडपवाल्याकडं जातो म्हणला. मला म्हणला, आत्याबाई, आता घर तुमच्यावर." मग पुन्हा म्हणाल्या, "लई मान दिला ओ मला. पहिल्या पंगतीला बसवलं."

नोटीस आम्ही त्या दिवशी नोंदवली. उरलेल्या खडकासाठी.

घेणाऱ्याला समन्स गेल्यावर तो माझ्या क्रांती चौकातल्या ऑफिसात आला. वयस्कर बागवान, फळांचा व्यापारी.

"मॅडम, हमने सर्च निकाले. कुछ बी नहीं था. अब हमारी क्या गलती?"

"काही नाही. तुमच्या वकिलाने नीट काम केलं."

"फिर?"

"फिर कोर्ट."

कोर्ट बरीच वर्षं चाललं. दिवाळीनंतर लताताई मुकुंदवाडीत भाड्याच्या खोलीत गेल्या आणि एका मेसमध्ये पोळ्या लाटायला लागल्या. तारखेला विष्णू यायचा. बाकावर त्यांच्या शेजारी बसून डबा उघडायचा. "खा लते, तुझ्या वहिनीनं धपाटी दिलीत." त्या खायच्या. मी पाहू नये म्हणून थोड्या वळून बसायच्या.

निकाल आमच्या बाजूने लागला. लताताईंचा हिस्सा मान्य झाला. पण विकलेला तुकडा विष्णूच्या वाट्यात धरला गेला आणि त्यांना मागचा खडक मिळाला. तिथे जायला रस्ता नाही. तोवर पुढे बागवानाचं गोदाम उभं राहिलं होतं. लताताई मोजणीच्या दिवशी एकदा जाऊन आल्या. पुन्हा गेल्या नाहीत.

आता मी वकीलपत्रावर सही घेते त्याच बैठकीत नोटिशीवरही घेते. पक्षकार येऊ शकला नाही तर दुसऱ्याला दस्त नोंदवता यावा, म्हणून मुखत्यारपत्राचं कामही लगेच करून टाकते. दावा दाखल झाला की दुसऱ्या दिवशी रजिस्ट्री.

परवा एक नवी बाई आली होती. कागदांचा गठ्ठा बघून बिचकली.

"एवढी घाई कशाला मॅडम? भाऊ तसा चांगलाय माझा."

"म्हणूनच," मी म्हणाले आणि पेन तिच्यापुढे केलं.