बापाची लाडकी

गल्लीतली टेलरबाई हाताने इतकी पक्की, की सुईत दोरा पहिल्याच फटक्यात ओवायची. पण तीन आठवड्यांची लेक काही तिच्या अंगावर पिईना. छातीशी धरली, की पाठ ताठ करून आकांत मांडायची. नवऱ्याने बाटली तोंडाला लावली, की तीच लबाड घटाघट पिऊन त्याचं बोट धरून झोपी जायची.

"बापाची लाडकी गं!" सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, आणि टेलरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ महिने ओझं वाहिलं मी, आणि गोड लागला हा!

शेवटी तपासणीला आलेल्या नर्सबाईंपुढे ती बोलून गेली, "मला माझ्याच नवऱ्याचा हेवा वाटतो हो."

नर्सबाई हसल्या नाहीत. "बाटलीतून दूध आयतं येतं, अंगावर ओढावं लागतं. ती भुकेने कासावीस व्हायच्या आधीच जवळ घे. नुसतं बोंड नको, भोवतीचा काळा भागही तिच्या तोंडात गेला पाहिजे."

त्यानंतर पाचव्या दिवशी लेक अंगावर चार मिनिटं प्यायली, मग रडायला लागली. नवरा बाटली घेऊन धावत आला. टेलरबाईने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"हीसुद्धा मीच पाजणार," ती म्हणाली. "तू भांडी घास."